दाखल्यावरची सही

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



चिटणीसबाई आमंत्रण घेऊन माझ्याकडे आल्या तेव्हा मी गच्चीवर कुरडया घालीत होते. हात चिकाने बरबटलेले. तशाच हातांनी मी विषय विचारला. त्या म्हणाल्या, “शाळा-कॉलेजांचे चालक कसे असावेत, यावर चार शब्द सांगा.” मी म्हटले, “अहो, एकोणीस वर्षे मी मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत बसले. चालक कसे नसावेत हे विचाराल तर ते मला अधिक ठाऊक.” त्या हसून म्हणाल्या, “मग तेच सांगा.” यावर काय बोलणार? आले.

‘आदर्श मुख्याध्यापक’ या विषयावरची भाषणे मी पुष्कळ ऐकली आहेत, आणि खरे सांगायचे तर दोन-चार केलीही आहेत. शिस्त, वक्तशीरपणा, निःस्पृहता, विद्यार्थ्यांवर पुत्रवत प्रेम, अशी नावे घेतली की टाळ्या पडतात आणि मग चहा येतो. (पुत्रवतच का, कन्येचे नाव त्यात का येत नाही, हे कोणी विचारीत नाही.) त्या भाषणांत खोटे काही नसते. परंतु निःस्पृहतेची परीक्षा काही रोज होत नाही. रोज समोर येतात ते कागद. हजेरीपट, रजेचे अर्ज, पोषण आहाराची नोंद, विजेचे बिल, दाखले. दिवसाकाठी पन्नास सह्या सहज होतात. चालकाची खरी पारख त्या सह्यांमध्ये होते, असे मला वाटते. सही करण्यापूर्वी त्याने मान वर करून समोर कोण उभे आहे ते पाहिले की नाही, एवढाच प्रश्न असतो. हे मला शहाणपणाने सुचलेले नाही. ते मी कशी शिकले ते पुढे सांगणारच आहे, पण आधी आपल्या गावातलेच एक जुने उदाहरण घेऊ.

आपल्या साताऱ्यात राजवाड्यात सरकारी हायस्कूल होते. तेच पुढे प्रतापसिंह हायस्कूल झाले. तेथे ७ नोव्हेंबर १९०० रोजी एका नऊ वर्षांच्या मुलाचे नाव दाखल झाले, भिवा रामजी आंबेडकर. रजिस्टरातला अनुक्रमांक १९१४. २०१७ सालापासून हा दिवस राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात, आणि आपल्यापैकी कित्येकींनी त्या दिवशी नातवंडांना भाषणे पाठ करून शाळेत पाठविले असेल.

त्या मुलाने मोठेपणी आपल्या शाळेच्या दिवसांबद्दल लिहून ठेवले आहे. वर्गात त्याने इतर मुलांमध्ये बसायचे नाही. एका कोपऱ्यात गोणपाटावर बसायचे. संध्याकाळी ते गोणपाट काखेत मारून घरी न्यायचे आणि सकाळी परत आणायचे, कारण शाळा झाडणारा गडीही त्याला शिवत नसे. तहान लागली तर नळाला त्याने हात लावायचा नाही. मास्तरांची परवानगी घ्यायची आणि शिपायाने नळ सोडायचा. शिपाई नसला की पाणी नाही.

मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा डोळ्यांत पाणी आले हे तर खरेच. पण थोड्या वेळाने माझ्यातली मुख्याध्यापिका जागी झाली. मला वाटले, ही व्यवस्था लावली कोणी? कोणी दुष्ट मनुष्याने मुद्दाम हुकूम काढला असेल असे मला वाटत नाही. जगरहाटीच तशी होती, तीच शाळेच्या फाटकातून आत आली आणि खुर्चीतल्या माणसाने तिला हटकले नाही. कागदावर सगळे ठाकठीक असणार. नाव दाखल आहे, हजेरी लागते आहे. तपासणीला साहेब आले असते तर त्यांना रजिस्टरात एक खोट सापडली नसती. तहानेसाठी रजिस्टरात रकाना नसतो.

त्याच साताऱ्याच्या शाळेत आंबेडकर नावाचे एक शिक्षक होते. त्या मुलाला मधल्या सुट्टीत जेवायला लांब घरी जावे लागू नये म्हणून ते आपल्या डब्यातली भाजीभाकरी त्याला देत. बाबासाहेबांनी ही आठवण जन्मभर ठेवली. आडनावही त्यांच्यामुळेच आले असे सांगतात. म्हणजे पाहा, एका शिक्षकाच्या मायेने भाकरी पोचली. नळाची व्यवस्था मात्र त्या शिक्षकाच्या हातातली नव्हती. त्यासाठी वरच्या माणसाने खुर्चीतून उठून नळापर्यंत चालत जायला हवे होते.

असा उठून चालत गेलेला माणूसही पुढे याच जिल्ह्याने पाहिला. याच जिल्ह्याने म्हणते, कारण त्या काळी सांगली जिल्हा नव्हता. वाळवे, तासगाव, खानापूर हे तालुके साताऱ्यातच मोडत. १९४९ साली दक्षिण सातारा म्हणून तो भाग वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. माझे माहेर वाळवे तालुक्यातले आणि सासर साताऱ्याचे, म्हणून या वाटणीत मी कोणाच्याच बाजूची नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांचेही तसेच. जन्म १८८७ साली कुंभोजचा, घराणे ऐतवडे बुद्रुकचे आणि कर्मभूमी सातारा.

भाऊराव शिकायला कोल्हापुरास जैन बोर्डिंगात होते. तेथे मिस क्लार्क वसतिगृह अस्पृश्य मुलांसाठी उघडले गेले, त्या समारंभाला ते गेले. परत आल्यावर अधीक्षकांचे म्हणणे पडले की आंघोळ केल्याशिवाय पंगतीत बसायचे नाही. हे म्हणाले, मी आंघोळ करणार नाही. झाले, बोर्डिंगातून नाव काढले. आता अधीक्षकांच्या बाजूने पाहिले तर त्यांनी नियमच पाळला. पण त्या एका आंघोळीच्या नियमातून केवढे काय उभे राहिले! पुढे इस्लामपुरास त्यांना शाळेच्या बाहेर बसविलेला एक मुलगा दिसला. त्याला उचलून त्यांनी घरी नेले, जेवू घातले आणि कोल्हापूरला मिस क्लार्क वसतिगृहात नेऊन ठेवले. तो मुलगा म्हणजे ज्ञानदेव घोलप. ते मुंबईच्या कायदे कौन्सिलचे सभासद झाले. शाळेच्या दाराबाहेर त्या दिवशी किती माणसे येत-जात असतील! मान वळवून पाहिले ते एकाने.

ओगले काच कारखाना, किर्लोस्करांचे नांगर, साताऱ्याचा कूपर कारखाना, अशा नोकऱ्या आणि फिरत्या करीत करीत त्यांनी खेडी पाहिली. दूधगावला सोबत्यांच्या साह्याने विद्यार्थ्यांसाठी आश्रम काढला. मग ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था निघाली. (त्याच १९१९ साली सांगलीला विलिंग्डन कॉलेज निघाले. एकाच वर्षी इकडे बी.ए.ची सोय झाली आणि तिकडे गावंढ्या पोरांच्या जेवणाची. दोन्ही लागतातच, पण जेवण आधी लागते, हे आपणा बायकांना सांगायला नको.) १९२४ साली संस्था साताऱ्याला आली, आणि २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्माजींच्या हस्ते बोर्डिंगाला छत्रपती शाहू महाराजांचे नाव दिले गेले. तेथे सगळ्या जातींच्या मुलांची चूल एक.

माझे वडील १९४४ साली, बारा वर्षांचे असताना, त्या बोर्डिंगात दाखल झाले. ते सांगत, पहिल्या रात्री पंगतीत शेजारी कोण बसला आहे हे त्यांना कळले तिसऱ्या दिवशी. तोवर त्याच्या ताटातला कांदा खाऊन झाला होता. सुट्टीत घरी आल्यावर त्यांनी हे भाबडेपणाने सांगितले, आणि माझ्या आजीने त्यांना अंगातल्या कपड्यांसकट विहिरीवर पिटाळले. वडिलांनी मुकाट्याने डोक्यावरून पाणी घेतले. भाऊरावांसारखा बाणेदारपणा त्यांच्यात नव्हता. पण सुट्टी संपताच ते परत बोर्डिंगात गेले, आणि पुढच्या सुट्टीत आजीने विहिरीचे नाव काढले नाही. आमच्या घरात सुधारणा आली ती अशी, कांद्याच्या वाटेने.

भाऊरावांचे नाव घेताना आपण पांढरी दाढी, घोंगडी आणि हातातली काठी डोळ्यांपुढे आणतो. चालक म्हटला की पुरुषच दिसायचा, अशी आपल्या डोळ्यांना सवय आहे. पण मी इतकी वर्षे खुर्चीत बसून शाळेचा कारभार म्हणजे काय हे जेव्हा समजून घेतले, तेव्हा माझ्यापुढे येऊ लागली ती लक्ष्मीबाई. त्या कर्मठ घरातून आलेल्या, सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या. बोर्डिंगातल्या सर्व जातींच्या पोरांचे त्यांनी केले. आधी मनाला किती पीळ पडला असेल कोण जाणे! त्यांना ना हुद्दा होता ना पगार. अंगावरचे दागिने एकेक करून बोर्डिंगात गेले. आणि शेवटी, भाऊराव बाहेरगावी असताना धान्य संपले, तेव्हा त्यांनी मंगळसूत्र काढून दिले. १९३० साली त्या गेल्या. माझ्या वडिलांनी त्यांना पाहिले नाही, पण ही गोष्ट ते अशी सांगत की जणू त्या दिवशी ते पंगतीत होते.

आपण मंगळसूत्राची ही गोष्ट फार भरल्या गळ्याने सांगतो आणि तेथेच थांबतो. मला तिच्यात आणखी काही दिसते. कोठीत धान्य किती उरले आहे आणि आज रात्री किती तोंडे जेवायची आहेत, हे त्या बाईला ठाऊक होते. कणगीत हात घालून पाहिल्याशिवाय ते कळत नाही. मंगळसूत्र नंतरचे. पुष्कळ संस्थांमध्ये त्याग करायला माणसे तयार असतात, कणगीत हात घालायला कोणी नसते.

खेड्यापाड्यांतून मुष्टिफंड जमे तोही बायकांच्याच हातून. दळायला किंवा शिजवायला काढलेल्या धान्यातली एक मूठ बाजूला ठेवायची. त्या मुठीवर शिकलेली मुले कुठल्या कुठे गेली. शाहू बोर्डिंगातलेच पी. जी. पाटील बॅरिस्टर होऊन आले, १९४७ साली निघालेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजचे प्राचार्य झाले, शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. भाऊराव १९५९ साली वारले. आज संस्थेच्या सातशेहून अधिक शाखा आहेत, आणि एवढा पसारा झाल्यावर प्रत्येक कणगीत हात घालणारे कोणी असते का, हा प्रश्न सर्वच मोठ्या संस्थांना पडत असणार. तो त्यांचा त्यांनी पाहावा. मला माझी एक शाळा सांभाळली नाही, ते सांगते.

शाळेचे नाव घेत नाही, गावाचेही नाही. सांगलीकडची, नदीकाठची शाळा एवढे पुरे. शाळेचा दोष नव्हता, माझा होता. १९९४ साली सेवाज्येष्ठतेने मी मुख्याध्यापिका झाले. मोठी हौस होती. फाटकाला रंग दिला, बाग केली, प्रार्थनेला हार्मोनियम आणली. निकालाचा फळा दर्शनी भिंतीवर लावला.

१९९६ सालची दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकती सुरू झाली होती. नववीत एक मुलगी होती. गणितात फार तल्लख. शाळेत संचयिका चाले, मुलांनी रुपया-दोन रुपये ठेवायचे, त्याचा हिशेब ती लिही. शिक्षकांचा चुकेल पण तिचा चुकत नसे. तिचे वडील आणि चुलते दाखला मागायला आले. त्या दिवशी शाळेत तपासणी होती. साहेबांची गाडी कोणत्याही क्षणी येणार. प्रयोगशाळेतल्या कपाटाची काच फुटलेली, ती झाकायला मी नकाशा लावीत होते. हेडक्लार्कनी दाखला लिहून समोर ठेवला. शाळा सोडल्याचे कारण, या रकान्यात त्यांनी लिहिले होते, ‘पालकांच्या विनंतीवरून’. दहातल्या सात दाखल्यांवर हेच असते. दाराच्या चौकटीपाशी एक वेणी आणि निळी रिबीन मला दिसली होती. दिसलीच नाही असे मी म्हणणार नाही. मी सही केली, शिक्का मारला गेला, आणि मी साहेबांसाठी पोहे झाले का ते पाहायला गेले.

तपासणी उत्तम झाली. शेरा चांगला मिळाला.

पुढे माघात कळले की तिचे लग्न झाले. चौदा वर्षांची पोर. कायद्याने मुलीचे वय अठरा हवे हे मला ठाऊक होते, गावाला ठाऊक होते, लग्न लावणाऱ्यालाही ठाऊक होते. स्टाफरूममध्ये आम्ही सगळ्याजणी हळहळलो. एक सहकारी म्हणाल्या, “बाई, तुम्ही तरी काय करणार? पालकांपुढे आपला इलाज नाही.” मला ते पटले. पटवून घेतले म्हणा. अकरा वर्षे ते पटलेलेच राहिले.

२००७ साली जून महिन्यात, प्रवेशाच्या गर्दीत, एक बाई माझ्या दाराशी आली. बरोबर आठ-नऊ वर्षांची मुलगी. मी म्हटले, “प्रवेशाचे क्लार्ककडे.” ती म्हणाली, “प्रवेश नाही बाई, दाखल्याची दुसरी प्रत पाहिजे. अंगणवाडीत मदतनिसाची जागा निघालीय. माझा दाखला सासरी पुरात गेला.” २००५ सालच्या पुरात कृष्णाकाठच्या पुष्कळ घरांतले कागद असेच गेले होते. मी नाव विचारले, वर्ष विचारले. तरी ओळख पटेना. मग ती म्हणाली, “संचयिकेचा हिशेब मी लिहायची.”

मी तिला बसायला सांगितले. मुलीला बिस्कीट दिले. काहीतरी बोलायचे म्हणून मी म्हटले, “तू किती हुशार होतीस गं! फार वाईट वाटले होते आम्हाला.” तेव्हा ती जे बोलली ते मी शब्दाला शब्द सांगते. ती म्हणाली, “बाई, त्या दिवशी मी दारातच उभी होते. मला वाटलं, तुम्ही आत बोलवाल आणि विचाराल. मला जायचं नाही, असं सांगणार होते मी. रात्रभर पाठ केलं होतं.”

आवाजात राग नव्हता. हिशेबातली जुनी चूक दाखवावी तशी ती बोलली, आणि लगेच विचारले, “दुसऱ्या प्रतीचे किती पैसे पडतात?”

दुसरी प्रत मी स्वतःच्या हाताने लिहिली. जनरल रजिस्टरात जे असेल तेच उतरायचे, त्यात कानामात्रेचा फरक करता येत नाही. तेव्हा ‘पालकांच्या विनंतीवरून’ हे शब्द मला माझ्या अक्षरात, ती समोर बसलेली असताना, पुन्हा लिहावे लागले. सही करताना मी मान वर केली. फार उशिरा केली.

तिच्याशी पुढे संबंध ठेवावा असे मला फार वाटे. एकदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती आली, वाण घेऊन गेली. नंतर आली नाही. तिच्या जागी मीही आले नसते.

त्या जूनपासून मी शाळेत एक रीत घातली. पाचवीपासून पुढच्या कोणत्याही मुलीचा दाखला मागायला पालक आले, की माझ्या टेबलासमोर दोन खुर्च्या. एक पालकांची, एक मुलीची. सहीपूर्वी मी तिला विचारणार, “तुला जायचे आहे का? कोठे जाणार आहेस?” बस्स, एवढेच. हेडक्लार्क म्हणाले, “बाई, दाखला अडवता येत नाही. नियमाला धरून नाही.” त्यांचे बरोबर होते. पुढे शिक्षण हक्काचा कायदा आला त्यातही दाखला ताबडतोब द्यावा असेच आहे, आणि ते योग्यच आहे. दाखल्यासाठी मुलांना नाडणाऱ्या शाळा काय कमी आहेत? पण मला दाखला अडवायचाच नव्हता. मला मुलीला दारातून आत आणायचे होते. पालकांसमोर पोर काय बोलणार, असेही कोणी म्हणाले. पुष्कळदा ती बोलत नसे, पायाच्या अंगठ्याने फरशी उकरीत बसे. त्यावरूनही समजते. मग मी वडिलांना चहा सांगायची आणि मुलीला म्हणायची, चल, बाग दाखव.

एका संचालकांनी मला ऐकवले, “बाई, शाळा चालवा, गावची लग्ने मोडू नका.” मी काही बोलले नाही. लग्ने मी मोडली नाहीत, मला ते साधलेही नसते. काही पुढे ढकलली गेली, कोणाची आजी आमच्या बाजूने उभी राहिली, कोणाचा मामा. एकीच्या वडिलांनी दाखला मागितलाच नाही, पोर यायची बंद झाली एवढेच, आणि माझ्या दोन खुर्च्या तशाच रिकाम्या राहिल्या. तिच्या घरी मी गेले तेव्हा घराला कुलूप होते.

पण या खुर्च्यांमुळे भलतेच काही कळू लागले. पलीकडच्या वाडीच्या तीन मुली एका वर्षी एकदम शाळा सोडायला निघाल्या. मी मनाशी म्हटले, झाली लग्ने. विचारल्यावर निघाले ते वेगळेच. संध्याकाळच्या एस.टी.ची वेळ बदलली होती, आणि मुली फाट्यावर उतरेपर्यंत अंधार पडे. पुढे उसातली वाट. सरकारने मुलींना एस.टी.चा पास फुकट दिला होता, आणि आम्ही तो पास मिळवून देण्यात भूषण मानीत होतो. पास होता, गाडी नव्हती! मी आगारात जाऊन बसले. तीन चकरा झाल्या. मग शाळेचा शेवटचा तास पंधरा मिनिटे आधी सोडायचा आणि गाडी वीस मिनिटे आधी यायची, अशी तडजोड निघाली. दुसऱ्या एका मुलीने मान खाली घालून सांगितले की मुलींच्या संडासाच्या दाराला आतून कडी नाही. चार वर्षे नव्हती म्हणे. मी चार वर्षे निकालाचा फळा रंगवून घेत होते. कडीला खर्च आला एका हाराच्या किमतीहून कमी.

२०१३ साली मी निवृत्त झाले. निरोपसमारंभात माझ्याबद्दल निःस्पृहता, वक्तशीरपणा वगैरे सगळे बोलले गेले. कडीबद्दल कोणी बोलले नाही, आणि दारातल्या त्या मुलीबद्दल तर कोणाला ठाऊकच नव्हते. आज पहिल्यांदा चारचौघींत सांगते आहे. हे छापायचे का, असे चिटणीसबाईंनी विचारले तेव्हा मी छापा म्हटले.

आता थोडे आपल्याविषयी. बाईने शाळा चालवायची ही काही नवी गोष्ट नव्हे. खंडाळा तालुक्यातल्या नायगावची, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातली लेक, सावित्रीबाई, १८४८ साली पुण्यात मुलींना शिकवायला उभी राहिली. तिच्या अंगावर पडलेल्या शेणाच्या गोष्टी आपल्याला पाठ आहेत. आता सरकारने तिच्या नावाची समिती काढली आहे. २०२२ साली शाळाशाळांतून ‘सखी सावित्री समिती’ नेमण्याचा निर्णय झाला. बालविवाह थांबविणे हे तिच्या कामांत आहे. त्याआधी २००९ सालच्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समित्या आल्या. त्यांत तीन चतुर्थांश सभासद पालक आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा नियम आहे.

नियम फार चांगला आहे. आपल्या मंडळातल्याही काही सभासद भगिनी आपापल्या मुलांच्या शाळांत अशा समित्यांवर आहेत. मी त्यांच्याजवळ सहज चौकशी केली. एक म्हणाली, “बाई, वही घरी येते, मी सही करते.” दुसरी म्हणाली, “बैठकीला जाते, पण पुरुष बोलतात. शेवटी चहा होतो.” तिसरीला आपण समितीवर आहोत हे माझ्याकडूनच कळले! त्यांना मी नावे ठेवीत नाही. पोह्यांची काळजी करीत सही मीही केली आहे.

शाळा पंधरा जूनला उघडतील. तेव्हा समितीवरच्या भगिनींनी पहिल्या बैठकीत एकच कागद मागावा. गेल्या तीन वर्षांत सातवी, आठवी आणि नववीतून ज्या मुलींची नावे कमी झाली, त्यांची यादी. पुढे कारणाचा रकाना. हक्काने मागावा, पण गोड बोलून. मुख्याध्यापकांच्या मागे हल्ली इतकी माहिती भरायची असते की ते बिचारे वर्गात जायलाही मोकळे नसतात. आपण भांडायला आलो नाही हे त्यांना कळू द्यावे. त्यातल्या ज्या मुलींपुढे ‘पालकांच्या विनंतीवरून’ असे असेल, त्यांच्या घरी दोघी-दोघींनी जाऊन यावे. मी बरोबर येईन. गुडघे दुखतात, पण रिक्षापर्यंत चालवते.

चिटणीसबाईंनी यासाठी एक वही केली आहे. ती आत्ता चहाच्या टेबलावर ठेवलेली आहे, शेजारी पेनही आहे. ज्यांना जमेल त्यांनी नाव आणि सोयीचा वार लिहून ठेवावा.